डबीतला ऑसिलेटर बोर्डावर उतरवताना

माझ्या टेबलावर एक जुनी ॲल्युमिनियमची डबी पडलेली असते. साबणाच्या वडीएवढी, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, एका बाजूला एसएमए कनेक्टर, दुसऱ्या बाजूला सप्लाय आणि ट्यूनिंगचे फीडथ्रू. आत १० गिगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारं सर्किट. सप्लाय द्या, केबल लावा, स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, सरळ काठी उभी राहते, हलत नाही की डुलत नाही. वर्षानुवर्षं हीच डबी वापरली आणि एक दिवस काम आलं की हा सोर्स आता बोर्डावरच बसला पाहिजे, म्हणजे टेप अँड रीलमध्ये, गुंडाळलेल्या पट्टीत आला पाहिजे, पार्ट उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या पिक अँड प्लेस मशीनने उचलला पाहिजे आणि बाकीच्या रेझिस्टर कपॅसिटरबरोबर एकाच रिफ्लोमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच फेरीत, सोल्डर झाला पाहिजे. मला वाटलं त्यात काय एवढं, सर्किट तर तेच आहे, डबी काढायची, छोट्या पीसीबीवर सर्किट घ्यायचं आणि वरून पत्र्याचं झाकण ठोकायचं. पहिला नमुना लावला आणि काठीच्या जागी झाडू दिसला.

झाडू म्हणजे खरंच झाडू. कॅरिअर, म्हणजे मुख्य सिग्नल, खालून पसरलेला, दोन्ही बाजूंना स्पर, म्हणजे नको असलेल्या छोट्या काठ्या, आणि झाकणाच्या जवळ बोट नेलं तरी सगळं सरकतंय.

तेव्हा कळलं की ती डबी एवढी वर्षं किती कामं फुकटात करत होती. शील्ड होती हे तर दिसतंच, पण ती ग्राउंडही होती, जाडजूड धातूचा ठोकळा, कुठेही सोल्डर करा, ग्राउंड ते ग्राउंडच. ती हीट सिंक होती. तिला वजन होतं म्हणून टेबलाला धक्का लागला तरी आत फारसं काही पोचायचं नाही. आणि कनेक्टरपाशी ५० ओमचा एक ठरलेला दरवाजा होता. बोर्डावर उतरलं की यातली प्रत्येक गोष्ट बोर्डाकडून उसनी घ्यावी लागते, आणि बोर्ड दुसऱ्याचा असतो. आम्ही पॅकेज म्हणून जे विकतो ते खरं तर अर्धंच असतं, उरलेलं अर्धं ज्याने तो विकत घेतला त्याच्या लेआउटमध्ये असतं, आणि तो लेआउट करणारा माणूस आपल्याला कधी भेटलेलाही नसतो.

ग्राउंडपासून सुरू करतो कारण डोक्यावरचे सगळ्यात जास्त केस तिथेच गेले. साध्या १.६ एमएमच्या बोर्डात वरून खाली जाणाऱ्या एका व्हायाचं, म्हणजे आतून तांबं चढवलेल्या भोकाचं, इंडक्टन्स ढोबळमानाने १ नॅनोहेन्री धरतात. १०० मेगाहर्ट्झला हे ०.६ ओम, कोणाला फरक पडतो. १० गिगाहर्ट्झला तेच जवळपास ६३ ओम होतं! म्हणजे तुम्ही ज्याला ग्राउंड म्हणताय तो ५० ओमच्या लाइनपेक्षा मोठा अडथळा आहे. माझ्या पहिल्या नमुन्यात मॉड्यूलच्या, म्हणजे झाकण लावलेल्या त्या छोट्या पीसीबीच्या, चार कोपऱ्यांत चार ग्राउंड पॅड, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा, होते, दिसायला एकदम नीटनेटकं, आणि आरएफचा पिन एका बाजूच्या मधोमध. सिग्नल पिनमधून खाली उतरून मुख्य बोर्डावर जातो, पण त्याच्याबरोबर परतीचा करंट पण कुठून तरी यायला पाहिजे ना, त्याला सगळ्यात जवळचा रस्ता कोपऱ्यातून, म्हणजे ६ एमएम लांबून. १० गिगाहर्ट्झला रॉजर्स ४३५०बी सारख्या मटेरियलवर पाव वेव्हलेंग्थ साधारण साडेचार एमएम असते, म्हणजे हा वळसा पाव वेव्हलेंग्थपेक्षा मोठा होता. असा परतीचा करंट मग आपला आपण रस्ता शोधतो, झाकणावरून, ट्यूनिंगच्या लाइनवरून, जिथून जमेल तिथून, आणि जाता जाता सगळ्यांना सांगत जातो.

उपाय काही भारी नाही. आरएफ पिनच्या दोन्ही बाजूंना लगेच ग्राउंड, त्याच्या पायाशी व्हायांची रांग, आणि पिनच्या पॅडखालचा ग्राउंड थोडा कापून टाकायचा कारण पॅड रुंद असतो आणि खाली ग्राउंड जवळ असला की तो कपॅसिटर होऊन बसतो. किती कापायचं ते सिम्युलेटर सांगतो आणि मग मोजमाप सांगतं की सिम्युलेटर किती चुकला.

आता पिन कसले ठेवायचे यावर आमच्याकडे बरीच भांडणं झाली. कॅस्टेलेशन म्हणजे बोर्डाच्या कडेला अर्धगोल प्लेटेड खाचा असतात त्या, पूर्ण भोक पाडून आतून तांबं चढवायचं आणि मग राउटरने बोर्ड बरोबर भोकाच्या मधून कापायचा. वाय-फाय मॉड्यूलच्या कडेला बघितलं असेल. दुसरा पर्याय एलजीए, म्हणजे सगळे पॅड पोटाखाली. एलजीए इलेक्ट्रिकली चांगला, कारण सिग्नल थेट खाली उतरतो आणि ग्राउंड सगळीकडून वेढता येतो. तरी मी कॅस्टेलेशनच्या बाजूने भांडलो आणि आजही भांडेन. कॅस्टेलेशनचा जॉइंट डोळ्यांना दिसतो, अर्धगोलात सोल्डर वर चढलाय का नाही ते साध्या भिंगाने कळतं, आणि बिघडला तर साध्या सोल्डरिंग आयर्नने हात मारता येतो. एलजीएमध्ये एक्सरे काढा आणि मग अंदाज बांधा. अर्थात कॅस्टेलेशनला पण स्वतःची दुखणी आहेतच. राउटर बोथट असेल तर खाचेत तांब्याची कुसळं लोंबत राहतात, अगदी केसाएवढी, आणि आमच्या एका लॉटमध्ये असंच एक कुसळ आरएफ पिनवरून शेजारच्या ग्राउंडला जेमतेम टेकत होतं. जेमतेम, म्हणजे गरम झालं की टेकायचं आणि गार झालं की सुटायचं. तो दोष शोधायला किती दिवस गेले हे मी इथे लिहीत नाही.

एलजीएवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला मान्य करावं लागलं, मधोमध पोटाखाली एक मोठा ग्राउंड पॅड हवाच. उष्णता तिथूनच उतरते आणि ग्राउंड पण. मग शेवटी आम्ही दोन्ही केलं, कडेला कॅस्टेलेशन आणि पोटाला पॅड. तो पॅड अखंड ठेवला तर पेस्ट जास्त होऊन मॉड्यूल तरंगतं आणि एका बाजूला कलतं, म्हणून सोल्डर पेस्ट लावायच्या स्टेन्सिलमध्ये त्याचे छोटे छोटे चौकोन करायचे.

झाकणाचं प्रकरण वेगळंच आहे. धातूची बंद खोली म्हणजे कॅव्हिटी, आणि कॅव्हिटी म्हणजे रेझोनेटर, ठराविक फ्रिक्वेन्सीला घुमणारी वस्तू, मग तुमची इच्छा असो वा नसो. ३० एमएम बाय ३० एमएमची मोकळी डबी घेतली तर तिचा पहिला रेझोनन्स येतो साधारण ७.०७ गिगाहर्ट्झला, हिशोब पाठ्यपुस्तकातलाच आहे. आता तुमचा ऑसिलेटर त्याच्या आसपास चालत असेल तर आत तुम्ही बसवलेला रेझोनेटर आणि न बसवलेला रेझोनेटर असे दोन झाले, आणि दोघांनाही वाटतं आपणच मालक. लक्षण एकदम ओळखीचं असतं, झाकण काढलं की सगळं व्यवस्थित, झाकण लावलं की ट्यूनिंग कर्व्हमध्ये उडी, पॉवरमध्ये खड्डा. माझे एक सीनियर आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे मग झाकण लावू नको," आणि चहा प्यायला निघून गेले. त्यांनी अर्ध्या तासाने येऊन खरं उत्तर दिलं ते म्हणजे खोली लहान कर. १२.७ एमएमचा चौकोन, म्हणजे अर्धा इंच, घेतला तर तोच पहिला रेझोनन्स पावणेसतरा गिगाहर्ट्झच्या जवळ जातो. जागा कमी करायची नसेल तर मध्ये धातूची भिंत घाल, एका खोलीच्या दोन खोल्या. झाकणाला आतून काळं ॲब्सॉर्बर रबर चिकटवणारे पण असतात, मीही चिकटवलंय, चालतं, पण मला ते भिंतीची ओल लपवायला कॅलेंडर लावल्यासारखं वाटतं.

डायइलेक्ट्रिक रेझोनेटरवाल्या सोर्समध्ये तर झाकण सरळसरळ सर्किटचाच भाग असतं. सिरॅमिकची छोटी गोल टिकली बोर्डावर बसवलेली असते आणि बरोबर तिच्यावर झाकणातून एक स्क्रू खाली येतो. स्क्रू आत गेला, धातू टिकलीच्या जवळ आला, की फ्रिक्वेन्सी वर जाते. दार उघडणाऱ्या सेन्सरमधलं १०.५२५ गिगाहर्ट्झचं स्वस्त मॉड्यूल कधी हातात घेतलं तर हा स्क्रू बघा. म्हणजे झाकण जर अर्ध्या मिलिमीटरने दबलं, समजा पिक अँड प्लेसच्या नोझलने जरा जोरात दाबलं, तर तुम्ही फ्रिक्वेन्सी वर ढकललीत. आम्ही पॅकेजच्या ड्रॉइंगवर नोझलचा फोर्स पण लिहायला लागलो ते यामुळेच.

थोडं विषयांतर, पण यिगबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. यिग म्हणजे यिट्रियम आयर्न गार्नेट, त्याचा एक एमएमपेक्षा लहान पॉलिश केलेला गोळा चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तो दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ या हिशोबाने रेझोनेट होतो. १० गिगाहर्ट्झ पाहिजे तर साडेतीन हजार गॉसच्या थोडं वर क्षेत्र पाहिजे. ट्यूनिंग एकदम सरळ रेषेत, क्यू मस्त, म्हणजे रेझोनन्स टोकदार, आणि फेज नॉइज, म्हणजे काठीच्या पायाशी होणारा पसारा, एकदम कमी. फक्त ते क्षेत्र तयार करायला इलेक्ट्रोमॅग्नेट लागतो, म्हणून हे सोर्स पारंपरिक स्वरूपात म्हणजे लोखंडी गोळेच असायचे, हातात घेतले तर कळायचं की काहीतरी घेतलंय. बोर्डावर बसवायला मग युक्ती अशी की मूळ क्षेत्र परमनंट मॅग्नेटने द्यायचं आणि छोट्या कॉइलने फक्त वरखाली करायचं. रेंज कमी होते पण करंट आणि उंची दोन्ही आवाक्यात येतात. आणि मग नवीन गंमत. डबीत असताना भोवती जाड लोखंड होतं, आता शेजारी डीसी-डीसी कन्व्हर्टरचा इंडक्टर येऊन बसतो. एक मिलिगॉस क्षेत्र आत शिरलं तरी २.८ किलोहर्ट्झचं फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. शेजारी कोण राहतं याची चौकशी यिगइतकी कोणालाच करावी लागत नसेल.

आता रिफ्लो. मॉड्यूलच्या आतले पार्ट आपण सोल्डर करतो तेव्हा एकदा भट्टीतून जातात, आणि मग गिऱ्हाईकाच्या बोर्डावर मॉड्यूल बसतं तेव्हा दुसऱ्यांदा. लेड-फ्री एसएसी३०५ सोल्डर २१७ डिग्रीला वितळायला लागतं आणि भट्टीचा पीक २४५ च्या आसपास असतो, म्हणजे आतलं सोल्डर पण परत पूर्ण वितळणार. बहुतेक पार्ट सरफेस टेन्शनवर जागच्या जागी राहतात, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. मीही होतो. आमचा एक दुसरा, दीड गिगाहर्ट्झच्या आसपासचा व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर, होता, त्यात हवेतली कॉइल होती, तीन वेढ्यांची, आणि फॅक्टरीत प्रत्येक मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी बसवायला ऑपरेटर प्लास्टिकच्या काडीने ते वेढे जरा फाकवायचे किंवा जवळ आणायचे, मग झाकण लावायचं. टेस्टला सगळे पास. बोर्डावर बसून आले तर काही मॉड्यूल ३० मेगाहर्ट्झने खाली! आधी वाटलं गिऱ्हाईकाचा सप्लाय कमी असेल, मग वाटलं लोड. शेवटी एकाचं झाकण हिट गनने उचललं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं तर कॉइल एका पायावर रेलून बसलेली, थकलेल्या माणसासारखी. एक बाजू सोल्डरमध्ये खाली रुतलेली, वेढे एकमेकांजवळ आलेले. वेढे जवळ आले की इंडक्टन्स वाढतं आणि फ्रिक्वेन्सी उतरते, पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच. ज्यांची कॉइल सरळ राहिली ते मॉड्यूल ठीक होते.

कोणीतरी सुचवलं गोंदाचा थेंब टाका. टाकला, तर गोंदाच्या डायइलेक्ट्रिकमुळे फ्रिक्वेन्सी आणखी सरकली आणि प्रत्येक थेंब वेगळा, त्यात गोंद तापमानाबरोबर बदलतो ते वेगळंच. आत जास्त तापमानाचं सोल्डर वापरावं असाही सल्ला मिळाला, गोल्ड-टिन २८० डिग्रीला वितळतं, पण ते डाय चिकटवायला ठीक, साध्या पीसीबीवर पन्नास पार्ट त्याने कोण लावणार. उलटा रस्ता म्हणजे गिऱ्हाईकाला १३८ डिग्रीचं टिन-बिस्मथ वापरायला सांगणं, पण ते ठिसूळ, आणि एका पार्टसाठी कोण आपली सगळी लाइन बदलेल? आम्ही शेवटी कॉइलच काढली आणि सिरॅमिक कोॲक्सियल रेझोनेटर घातला, ट्रिमिंग बोर्डावरच छापलेल्या पट्टीने, लेझरने कापून. पट्टी रेलत नाही.

तेवढ्यात झाकणांनी पण हजेरी लावली. दोन्ही बाजूंना पार्ट असलेल्या बोर्डावर मॉड्यूल पहिल्या फेरीत बसवलं तर दुसऱ्या फेरीत ते उलटं लटकत भट्टीतून जातं, आणि झाकण चार बिंदूंवरच सोल्डर असेल तर भट्टीच्या तळाशी झाकणं सापडतात. शेवटच्या फेरीतच बसवा असं डेटाशीटवर ठळक लिहिलं.

भट्टीनंतर धुणं. झाकणाला बारीक भोकं असतात, गरम हवा बाहेर जायला, नाहीतर रिफ्लोमध्ये झाकण उचललं जातं. त्याच भोकातून धुण्याचं पाणी आत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या आसपास, रेझोनेटरजवळ एक थेंब राहिला तरी फ्रिक्वेन्सी खाली, आणि मग तो थेंब दिवसभर सुकतोय तशी फ्रिक्वेन्सी हळूहळू वर चढतेय. टेस्टवाल्यांनी याला "एजिंग" असं नाव देऊन टाकलं होतं. माझं मत स्पष्ट आहे, पॅकेज एक तर पूर्ण सीलबंद करा नाहीतर चक्क मोठ्या फटी ठेवा, अर्धवट बंद हे सगळ्यात वाईट.

सप्लायबद्दल थोडक्यात. ट्यूनिंग सेन्सिटिव्हिटी व्होल्टला १०० मेगाहर्ट्झ असेल आणि ट्यूनिंग लाइनवर १०० किलोहर्ट्झचा फक्त १० मायक्रोव्होल्ट रिपल शिरला, तर कॅरिअरपासून १०० किलोहर्ट्झवर उणे ४६ डीबीसीचे, म्हणजे कॅरिअरपेक्षा ४६ डीबी खाली असलेले, स्पर तयार. १० मायक्रोव्होल्ट म्हणजे साध्या ऑसिलोस्कोपवर दिसत पण नाहीत. म्हणून रेग्युलेटर मी पॅकेजच्या आतच घेतला, उष्णता वाढली ती वाढू दे, निदान गिऱ्हाईकाच्या सप्लायवर विसंबायला नको. तसंच आउटपुटला बफर आणि ३ डीबीचा पॅड (हा सोल्डरचा पॅड नाही, सिग्नल मुद्दाम कमी करणारा अटेन्युएटर), बाहेरचा लोड कितीही वेडावाकडा असला तरी रिटर्न लॉस, म्हणजे लोडवरून परत येणारा सिग्नल किती कमी आहे ते, त्या पॅडने ६ डीबीने सुधारतो. तीन डीबी वाया गेले म्हणून मार्केटिंगवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

वजनाचं राहिलं. डबी जड होती, बोर्ड पातळ असतो, वाकतो, थरथरतो. ट्यूनिंगचं व्होल्टेज गाळणाऱ्या लूप फिल्टरमध्ये मी सवयीने एक्स७आर जातीचे सिरॅमिक कपॅसिटर टाकले होते. त्यातलं बेरियम टायटेनेट पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे बोर्ड थरथरला की कपॅसिटर स्वतः व्होल्टेज तयार करतो, आणि ते थेट ट्यूनिंगवर. सहज म्हणून एकदा बोर्डाच्या कडेला प्लास्टिकच्या चिमट्याने टकटक केली आणि स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक टकटकीला कॅरिअर फुलून परत मिटताना दिसला. पुढे हेडफोन लावून डिमॉड्युलेटरवर ऐकलं तर चिमट्याचा आवाज चक्क ऐकू येत होता, अख्खा ऑसिलेटर म्हणजे मायक्रोफोन झालेला. मग दुसऱ्या जातीचे, सी०जी कपॅसिटर घातले, आकाराने मोठे लागतात पण हा आवाज जवळजवळ गेला. जो उरला तो झाकणाचा होता, पातळ पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा हलतो, त्याला मध्ये एक खळगा दाबून घेतला तेव्हा ताठ झाला.

हे सगळं निस्तरल्यावर टेस्ट फिक्स्चर. कनेक्टर नाही, म्हणजे मॉड्यूल पोगो पिनवर, स्प्रिंगच्या पिनवर, दाबून मोजायचं, आणि पोगो पिन म्हणजे परत इंडक्टन्स. फिक्स्चरवर एक डीबी कमी यायचं आणि बोर्डावर सोल्डर केलं की बरोबर. मग आम्ही काही मॉड्यूल सोल्डर करून मोजले, तेच काढून फिक्स्चरवर मोजले आणि फरकाची एक तक्ती भिंतीला लावली. ती तक्ती अजून तिथेच आहे.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाचा मेल आला, २५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर स्पर दिसतायत, तुमचा पार्ट खराब आहे. मी गर्बर फाइल, म्हणजे त्यांच्या बोर्डाच्या लेआउटच्या फाइल, मागवल्या. आम्ही दिलेला फूटप्रिंट, म्हणजे पॅडची मांडणी, जसाच्या तसा होता, व्हाया पण मोजून तेवढेच, मी अगदी खूश झालो. मग दुसरा लेयर उघडला. मॉड्यूलच्या पोटाखालच्या ग्राउंड प्लेनमध्ये एक लांब फट पाडलेली आणि त्या फटीतून २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक ट्रेस आरामात पलीकडे चाललेला, कारण दुसरीकडून न्यायला जागा नव्हती. त्यांना ट्रेस बाजूने फिरवायला सांगितलं, एक जंपर वायर लावून त्यांनी बघितलं, स्पर गेले. मी ड्रॉइंगवर त्या जागी तिरक्या रेघा मारून, कुठल्याही लेयरवर इथून काही नेऊ नका, असं लिहून टाकलंय. त्यांचा पुढचा प्रश्न आला, सिल्कस्क्रीनवर लोगो छापला तर चालेल ना.